पेले

आमच्या घरात पेल्यांना कधी मालक नव्हते.
हाताला लागेल तो आपला.
गंगावेशीच्या कट्ट्यावर तर एकच बादली,
पाण्यात बुडालेले बारा पेले,
आणि पहाटेपासून तालमीतली पोरं, रिक्षावाले, बँकेतले पेन्शनर,
कासेखालून थेट ओठांशी,
फेसासकट.
एकानं ठेवला की विसळून दुसऱ्यानं उचलायचा.
सासरे म्हणायचे, उष्टं कसलं त्यात, दूध हाय ते.

मग साथ आली.
आधी दुसऱ्यांच्या गल्लीत,
मग शेजारी टेलरच्या घरात. त्याचं मशीन बंद पडल्याचं
आम्हाला दुपारी झोप लागेना तेव्हा कळलं.
कट्ट्यावर चुन्याचे गोल आखले.
दोन दिवस माणसं गोलात उभी राहिली,
तिसऱ्या दिवशी एका गोलात कुत्रं येऊन बसलं.
दूध काही साथ बघून आटत नाही.
उरलेल्याचा खवा केला, खव्याचे पेढे,
पेढे खाणारे आम्हीच पाच जण,
गोड गोड तोंडानं बातम्या ऐकत.

मी माळ्यावरची भांडी खाली काढली.
म्हटलं, आजपासून ज्याचा त्याचा पेला.
पण कोरलेली नावं आमची कुठं होती?
'कै. आक्काताईंच्या स्मरणार्थ' सासऱ्यांना देववेना,
तो मीच ठेवला.
'चि. शिवलीला हिस मामाकडून' त्यांच्या वाट्याला आला, ते लाजले.
सासूबाईंना बारशातला, अनुजाला भिशी मंडळाचा.
ह्यांना बिननावाचा, पोचा आलेला.
तेवढाच उरला होता.

मंगळवारी ह्यांना ताप भरला.

गोठ्यावरच्या कडब्याच्या खोलीत अंथरूण गेलं.
सातव्या पायरीवर मी ताट ठेवायचं, खाली यायचं,
मग त्यांनी दार उघडायचं.
उजाडताना पोचा आलेला पेला वाजायचा, दोनदा.
दोनदा म्हणजे बरं आहे.
एका पहाटे एकदाच वाजला,
आणि दुसऱ्या ठोक्यापर्यंतचा वेळ
मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

सासूबाईंनी जिन्याखालूनच दृष्ट काढली.
मिरच्या तडतडल्या, धूर कोंदला,
सगळेच ठसकून खोकलो,
आणि मग सगळेच गप्प,
एकमेकांकडे बघत.

इकडे बिजलीनं वेगळाच हट्ट धरला.
ह्यांच्याशिवाय ती कुणाला पान्हा देत नाही.
सासऱ्यांनी सरकी घातली, शिव्या घातल्या.
मी ह्यांचा सदरा चढवून बसले, डोक्याला ह्यांचाच टॉवेल.
तिनं एकदा वास घेतला
आणि सासूनं सुनेकडं बघावं तसं बघून
शेपटी फिरवली.
कास दगडासारखी तटतटलेली.

तेवढ्यात वरून खोकला आला.
कोरडा, लांबलेला, पोटातून उपटून काढल्यासारखा.
माझे हात गार पडले.
बिजलीचे कान वळले
आणि बोटांमधून धार सुटली.
त्यानंतर रोज आम्ही दोघी
खाली बसून तो खोकला ऐकत होतो,
तिला तो हवा होता,
मला नको होता.

सतराव्या दिवशी हे खाली उतरले.
विजार दोरीनं बांधलेली, दाढी अर्धी पांढरी.
कुणी काही बोललं नाही. सासऱ्यांनी नुसतंच
गोठ्यातलं शेण पुन्हा एकदा लोटलं.

दुसऱ्या दिवशी हे धारेला बसले.
हाक मारली, थाप मारली, कपाळ खाजवलं.
बिजली ढिम्म.
ती वर खिडकीकडे बघत होती.
खोकून दाखवा की, सासरे म्हणाले.
ह्यांनी मान हलवली. त्यांना आता त्या आवाजाचीच भीती.

तेव्हा अनुजा पुढं झाली,
कमरेवर हात ठेवून खोटंखोटं खोकली.
बादलीत धार वाजली,
आणि ती ऐकायला कुणीच थांबलं नाही.
आम्ही चौघंही
हात पुसत
तिचं कपाळ चाचपायला धावलो होतो.